दाताच्या डॉक्टरांची मदतनीस काय शिकते?



या सदरात आजवर रक्तदाब, साखर, गुडघे, डोळे असे आपल्या वयाचे विषय झाले. या वेळचा विषय जरा निराळा आहे आणि तो वाचकांनीच दिला आहे. आपल्यातल्या एका आजींनी फोनवर विचारले, "नात लष्करातून सुटून घरी आलीय. म्हणते, दाताच्या डॉक्टरची असिस्टंट व्हायचा कोर्स करते. तिचा बाप म्हणतो, त्यात शिकायचं काय? नळी धरायची आणि पाण्याचा पेला भरून द्यायचा. सिस्टर, तुम्ही सांगा, पोरीनं हे करावं का?" असाच प्रश्न आणखी दोघांनी निरनिराळ्या वेळी विचारला, म्हणून सविस्तर उत्तर इथे देते. हे उत्तर फक्त नातींसाठी नाही. दाताच्या खुर्चीत तोंड उघडून बसायचे काम आता आपलेच आहे. आपल्या डाव्या हाताला बसलेली ती मुलगी काय शिकून आली आहे, हे ठाऊक असले तर आपलाच फायदा आहे.

निवृत्तीपूर्वीची माझी शेवटची वर्षे अशा दवाखान्यात गेली, जिथे खालच्या मजल्यावर आम्ही नर्सेस आणि वरच्या मजल्यावर दातांचा विभाग होता. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकाच टेबलावर बसायचो. पुढे लिहिलेले बरेचसे त्या मुलींच्या सोबतीने पाहिलेले आहे.

आधी माणसे ओळखू या

दाताच्या दवाखान्यात पांढरा किंवा निळा अंगरखा घातलेली प्रत्येक बाई डॉक्टर नसते. हिब्रूत ज्यांना शिनानित म्हणतात, त्या दात खरवडून साफ करतात, हिरड्यांची काळजी घेतात. त्यांचे शिक्षण वेगळे आणि परवानाही वेगळा. सायाअत म्हणजे मदतनीस, डेंटल असिस्टंट. ती दात खरवडत नाही, भूल देत नाही, दात काढत नाही, ड्रिल हातात घेत नाही. एक्स-रे काढायचा असेल तर त्याचे वेगळे शिक्षण आणि आरोग्य खात्याची परवानगी लागते. मग ती करते काय? डॉक्टरांचे लक्ष आपल्या एका दातावर असते. बाकी सगळे, म्हणजे खोली, हत्यारे, औषधे, कागद आणि खुर्चीतला माणूस, तिच्याकडे असते.

हा पेशा तसा जुना नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात डॉ. एडमंड केल्स नावाचे दंतवैद्य होते. त्यांनी १८८५ साली दवाखान्यात मदतीला एक बाई नेमली. पेशाची सुरुवात तिथून मोजतात. त्या काळी चांगल्या घरच्या स्त्रीने एकटीने परपुरुषाच्या दवाखान्यात जाणे बरे दिसत नसे. आत एक बाई हजर असते म्हटल्यावर स्त्रिया निर्धास्तपणे येऊ लागल्या. पुढे इतर दंतवैद्यही 'इथे बाई हजर असते' अशी पाटी लावू लागले. सुरुवात अशी सोबतीपासून झाली. १९२४ साली ज्युलिएट साउथर्ड यांनी अमेरिकेतल्या मदतनीस बायकांची संघटना उभी केली आणि हे काम शिकून, परीक्षा देऊन करायचे काम झाले.

याच केल्स डॉक्टरांची पुढची गोष्ट एक्स-रे शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला माहीत असावी. दातांचे एक्स-रे काढणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी ते एक. यंत्र नीट जुळले की नाही हे पाहायला ते स्वतःचाच हात किरणांसमोर धरत. किरणांचा धोका तेव्हा कोणाला कळला नव्हता. आधी बोटे गेली, मग हात गेला. १९२८ साली त्यांचा अंत झाला. म्हणून आज एक्स-रे काढताना ती मुलगी आपल्याला एकटे ठेवून भिंतीआड जाते, तेव्हा मनात किंतु आणू नये. आपला एक्स-रे वर्षा-दोन वर्षांतून एकदा निघतो, आणि आताच्या यंत्रात किरणही फार थोडे लागतात. तिच्यासमोर मात्र दिवसाकाठी अनेक माणसे येतात. तिने रोज तिथेच उभे राहायचे तर हिशेब वेगळा होतो.

दातांची पाढे-पाटी

कोर्सच्या पहिल्या दिवसांत मुली दातांचे आकडे पाठ करतात. डॉक्टर "तीन-सहा" म्हणतात आणि ती लिहून घेते, हे आपण ऐकले असेल. जगातल्या बहुतेक देशांत ही पद्धत चालते. तोंडाचे चार भाग करायचे. आपल्या वरच्या उजव्या बाजूला १, वरच्या डाव्या बाजूला २, खालच्या डाव्या बाजूला ३ आणि खालच्या उजव्या बाजूला ४. मग प्रत्येक भागात मधल्या पटाशीच्या दातापासून मागे मोजत जायचे, १ ते ८. तिसरा तो सुळा, सहावी ती पहिली मोठी दाढ, आठवी अक्कलदाढ. म्हणजे तीन-सहा ही खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. मोठ्या माणसाचे दात ३२. दुधाचे दात २०, त्यांच्यासाठी ५ ते ८ हे भाग ठेवले आहेत.

हे सगळे तिने उलट्या बाजूने शिकायचे असते, कारण ती आपल्यासमोर असते आणि आपली उजवी ती तिची डावी. दाढेला दाढ लागून असते, आणि चुकीच्या दाताला हात लागला तर तो परत बसवता येत नाही. म्हणून चांगली मदतनीस आकडा लिहिते आणि मोठ्याने वाचून दाखवते. आपणही भूल देण्याआधी दुखणाऱ्या दाताला बोट लावून दाखवावे. लाजू नये.

चार हातांचे काम

मुंबईत आमच्या लहानपणी दाताचे डॉक्टर उभे राहून काम करत. रुग्ण ताठ बसलेला, बाजूला थुंकायचे भांडे, दर दोन मिनिटांनी थुंका आणि चूळ भरा. आता रुग्ण आडवा असतो आणि डॉक्टर व मदतनीस दोघे बसून काम करतात. याला चार हातांची दंतचिकित्सा म्हणतात.

ती कशी शिकवतात पाहा. रुग्णाचे तोंड म्हणजे घड्याळाचा मध्य धरायचा, डोके १२ वाजता. उजव्या हाताने काम करणारे डॉक्टर ९ ते १२ च्या दरम्यान बसतात, मदतनीस २ ते ४ च्या दरम्यान, म्हणजे आपल्या डावीकडे. तिचे स्टूल डॉक्टरांच्या स्टुलापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच असते, म्हणजे तिला वरून नीट दिसते. हत्यारांची देवघेव आपल्या हनुवटीखाली, छातीच्या वरच्या बाजूला करायची, डोळ्यांवरून कधीच नाही. वापरलेले हत्यार करंगळीने काढून घ्यायचे आणि त्याच हाताच्या अंगठा व बोटांत धरलेले नवे हत्यार डॉक्टरांच्या हातात द्यायचे. तेही असे, की डॉक्टरांना दातावरची नजर हलवावी लागू नये. दुसऱ्या हातात पाणी आणि लाळ ओढणारी नळी. ती जिभेवर फार मागे गेली तर उलटीची भावना होते, गालाला चिकटली तर गाल ओढला जातो. 'नळी धरायची' म्हणतात ते हे. आठ-आठ तास ती अशी धरायची, की खुर्चीतल्या माणसाला ठसका लागू नये.

आपल्या बाजूने एक गोष्ट करावी. त्रास झाला तर डावा हात वर करावा. उजवीकडे डॉक्टर हत्यार धरून बसलेले असतात, त्यांना धक्का लागू शकतो. डावा हात मदतनिसाच्या नजरेसमोर असतो, ती लगेच थांबवते. काम सुरू होण्यापूर्वीच तिला सांगावे, "हात वर केला तर थांबा."

जी खोली आपल्याला दिसत नाही

मी नर्स, म्हणून या कोर्समधला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा. दवाखान्यात मागे एक लहानशी खोली असते. तिथे हत्यारे निर्जंतुक होतात. खोलीची एक बाजू घाणेरडी, दुसरी स्वच्छ, आणि सामान एकाच दिशेने सरकते, मागे कधी येत नाही. आधी घासून किंवा ध्वनिलहरींच्या पाण्याच्या यंत्रात धुणे, मग पाहणे, वाळवणे, पाकिटात बंद करणे आणि शेवटी ऑटोक्लेव्ह.

आमच्या वेळी काचेच्या सिरिंज आणि सुया पातेल्यात उकळत असत, ते आपल्याला आठवत असेल. साधे पाणी १०० अंशांवर उकळते. त्यात पुष्कळ जंतू मरतात, पण काही जंतू स्वतःभोवती टणक कवच करून बसतात, त्यांना ते पाणी पुरत नाही. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच समजा. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर दाबामुळे सुमारे १२० अंशांपर्यंत जातो, म्हणून राजमा लवकर शिजतो. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांवर किमान ३ मिनिटे वाफ द्यावी लागते. तापायला आणि वाळायला लागणारा वेळ निराळा. यंत्र कोंबून भरले तर वाफ सगळीकडे पोचत नाही. पाकीट ओले बाहेर आले तर ते निर्जंतुक धरत नाहीत. भांडी भरणे, वेळ लावणे, पाकिटावरच्या खुणेचा रंग बदलला का ते पाहणे, तारीख लिहिणे हे सारे तीच करते. तो रंग फक्त एवढेच सांगतो की पाकिटाला उष्णता लागली. जंतू खरेच मेले का, हे पाहण्यासाठी ठरावीक दिवसांनी कवचवाल्या जंतूंची नळी यंत्रात ठेवून वेगळी तपासणी करतात. चांगल्या कोर्समध्ये या दोहोंतला फरक नीट शिकवतात.

यात कंटाळा करणारी मुलगी कोणालाच कळत नाही. पाकीट पाच मिनिटे आधी बाहेर काढले तर रुग्णाला ते दिसत नाही, डॉक्टरांनाही दिसत नाही. त्रास झालाच तर तो आठवड्यांनी, महिन्यांनी, आणि तेव्हा कारण सापडत नाही. कोणी पाहत नसताना नीट केलेले काम ही या पेशाची खरी परीक्षा आहे. ज्या मुलीला घरी शिकवावे लागत नाही की भांडे आतूनही घासायचे असते, ती इथे चमकते.

खुर्चीत बसल्यावर आपण पाहावे: हत्यारांचे पाकीट आपल्यासमोर उघडले का? हातमोजे नवे घातले का? नसतील तर मृदू आवाजात विचारावे. तो आपला हक्क आहे, आणि चांगल्या मदतनिसाला त्याचा राग येत नाही.

माप, सिमेंट आणि चांदी

कवळीसाठी जे थंड, लगदा लगदा माप तोंडात घालतात, त्याची पूड समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या पदार्थाची असते. पाणी आणि पूड मोजूनच घ्यायची. पाणी कोमट असले तर लगदा भराभर घट्ट होतो, गार असले तर सावकाश. बेर शेवाच्या उन्हाळ्यात नळाचे पाणी कसे येते ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून हुशार मुलगी गार पाणी बाजूला काढून ठेवते. लगदा तोंडात असताना उलटीसारखे वाटले तर डोके पुढे झुकवावे, नाकाने सावकाश श्वास घ्यावा, पायाची बोटे हलवत राहावी. मन तिकडे गेले की घसा सैल पडतो. दाढेत भरायची चांदी, पांढरे सिमेंट, निळ्या उजेडाने घट्ट होणारे मिश्रण या प्रत्येकाची वेळ निराळी. निळा उजेड डोळ्यांना वाईट, म्हणून त्या वेळी नारिंगी काच आड धरतात. आपण डोळे मिटून घ्यावे.

एक सोमवारची गोळी

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते. कोर्समध्ये एक विषय असतो रुग्णाची माहिती घेण्याचा. ऐकायला सोपा, करायला अवघड, विशेषतः आपल्या वयाच्या माणसांकडून.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई दाढ काढायला आल्या होत्या. कागदावर त्यांनी लिहिले होते, औषध फक्त प्रेशरचे. डॉक्टर दुसऱ्या खोलीत होते. गळ्याभोवती कापड बांधताना मदतनिसाने सहज विचारले, "हाडांसाठी काही घेता का?" बाई म्हणाल्या, "ते काय औषध आहे? ती सोमवारची गोळी. उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही." मुलगी उठली आणि डॉक्टरांकडे गेली. त्या दिवशी दाढ काढली नाही. डॉक्टरांनी बाईंच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला, विचार झाला आणि पुढे रूट कॅनॉल करून ती दाढ वाचवली.

असे का? हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून ज्या आठवड्याच्या गोळ्या, सहा महिन्यांनी घ्यायची इंजेक्शने किंवा वर्षातून एकदा शिरेतून द्यायची औषधे असतात, त्यांच्यामुळे काही थोड्या माणसांत दात काढल्यावर जबड्याचे हाड लवकर भरत नाही. हे क्वचित होते, आणि औषध हाडांसाठी गरजेचेच असते. म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. पण दाताच्या डॉक्टरांना ते आधी कळलेच पाहिजे. वीस वर्षांची एक मुलगी 'फक्त प्रेशरची गोळी' एवढ्यावर थांबली नाही. तिला हे कोणी तरी शिकवले होते. 'त्यात शिकायचं काय?' या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे.

तर आपण तिला काय काय सांगावे?

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचे नाव सांगावे. ती स्वतःहून बंद करू नये. गोळी बंद केल्याने होणारी गाठ ही दाताच्या रक्तस्रावापेक्षा फार वाईट. काय करायचे ते दोन्ही डॉक्टर ठरवतील.

हृदयाची कृत्रिम झडप असेल किंवा झडपेला पूर्वी जंतुसंसर्ग झाला असेल तर काही कामांपूर्वी अँटिबायोटिक घ्यावे लागते. पेसमेकर असेल तर तोही सांगावा.

मधुमेह असेल तर सकाळची वेळ मागावी, नेहमीप्रमाणे खाऊन आणि औषध घेऊन जावे. भूल दिली म्हणून उपास नको. घाम, थरथर, गरगर वाटले तर लगेच हात वर.

पेनिसिलिनची किंवा रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असेल तर बसण्यापूर्वीच सांगावी.

कानाचे यंत्र असेल, पाठीला बाक असेल, आडवे झाल्यावर दम लागत असेल, तर तेही सांगावे. मानेखाली उशी मिळते, खुर्ची अर्धवट उंच ठेवता येते. ऐकू कमी येणारी आपली माणसे समोरच्याच्या ओठांकडे पाहून समजून घेतात, आणि मास्कने ओठ झाकले जातात. तेव्हा काम सुरू होण्यापूर्वी मास्क उतरवून सगळे एकदा सांगा, असे तिला म्हणावे.

काम संपल्यावर ताडकन उठू नये. आडव्या माणसाचा रक्तदाब उठल्यावर एकदम खाली येतो, आणि आपल्या वयात पडले की माकडहाडापासून मांडीच्या हाडापर्यंत काहीही जाते. दोन मिनिटे बसून राहावे, मग तिचा हात धरून उठावे. ओठ बधिर असेपर्यंत गरम चहा घेऊ नये. भाजले तरी कळत नाही.

कवळी काढायला सांगितली तर ती तिने दिलेल्या भांड्यातच ठेवावी. कागदी रुमालात गुंडाळलेल्या कवळ्या कचऱ्यात जातात, हे मी स्वतः पाहिले आहे. घरी रात्री कवळी काढून पाण्यात ठेवावी, गरम पाण्यात कधी नाही, ती वाकडी होते. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे किंवा टॉवेल ठेवावा, म्हणजे हातातून सुटली तरी फुटत नाही.

ज्यांना पूर्वी पान-सुपारी, तंबाखू किंवा मिश्रीची सवय होती, त्यांनी तेही सांगावे. लाज वाटायचे कारण नाही. तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला, तर दुखत नसला तरी दाखवावा.

खर्चाबद्दल दोन शब्द

१९९५ साली आरोग्य विम्याचा कायदा लागू झाला तेव्हा मोठ्यांच्या दातांचा खर्च त्यात नव्हता. म्हणून आपल्या पिढीने दुखेपर्यंत थांबायचे आणि मग दात काढून टाकायचे, हीच सवय लावून घेतली. २०१० पासून लहान मुलांचे दात त्यात आले आणि हळूहळू १८ वर्षांपर्यंतची मुले आली. २०१९ साली ७५ वर्षांवरच्या माणसांचा समावेश झाला, पुढे ती मर्यादा ७२ वर आली. तपासणी, सफाई, दात भरणे, कवळी यांतले बरेच काही आता थोडी रक्कम भरून कुपत खोलिममार्फत मिळू शकते. आपल्या कुपत खोलिमला फोन करून जवळचा दवाखाना, आपल्याला काय मिळते आणि किती भरायचे, ते विचारावे. नातवंडांना फोन करायला सांगा, पण फोन कराच. आणि ही कवाडे उघडली म्हणजे दवाखान्यांत माणसे वाढली. माणसे वाढली की मदतनीसही लागतात.

तर नातीने काय करावे?

आता दोन्ही बाजू सांगते. पगार मोठा नसतो, सुरुवातीला तर बेताचाच. मान आणि पाठ दुखते, म्हणून बसण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून नीट शिकावी. सुई टोचण्याचा धोका असतो. वापरलेल्या सुईचे टोपण दोन हातांनी कधीच लावायचे नाही, ट्रेवर ठेवलेल्या टोपणात एका हाताने सुई सरकवायची. काविळीच्या बी जातीची लस झालेली हवी. १९९२ पासून इथे जन्मलेल्या बाळांना ती देतात, तरी रक्ततपासणी करून घ्यावी. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला मास्क, कितीही उकडले तरी.

दुसऱ्या बाजूला, कोर्स लांबलचक नसतो. वर्गातले काही महिने आणि मग दवाखान्यात हात बसवणे. काही मुली तर लष्करातच दातांच्या दवाखान्यात हे काम शिकतात. एकदा शिकले की दिमोना असो, लोद असो की अश्दोद, दाताचा दवाखाना नाही असे गाव नाही. लग्न झाले, घर बदलले, तरी काम मिळते. कोणाला पुढे शिनानित व्हायचे असते, कोणी दवाखान्याचा सगळा कारभार सांभाळू लागते.

फी भरण्यापूर्वी नातीने चार प्रश्न विचारावेत. एक, दवाखान्यात प्रत्यक्ष काम किती तास मिळणार आणि कुठे? दोन, एक्स-रेचे शिक्षण त्यात आहे का, आणि आरोग्य खाते ते मान्य करते का? तीन, निर्जंतुकीकरण यंत्रावर स्वतःच्या हातांनी शिकवतात की नुसते चित्रात दाखवतात? चार, मागच्या वर्गातल्या मुलींना कामे मिळाली का, आणि त्यांच्यापैकी एक-दोघींशी बोलता येईल का? ज्या संस्थेला हे प्रश्न आवडत नाहीत, तिथे पैसे भरू नयेत.

आणि एक गोष्ट जी कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. आपली पुष्कळ माणसे चाळीस-पन्नास वर्षे इथे राहिली, बाजारहाट हिब्रूतून करतात, पण दुखायला लागले की हिब्रू पळून जाते. कळ येते ती 'सणक' असते, 'ठणका' असतो की 'शिवशिव' असते, हे डॉक्टरांना कोण सांगणार? सणक म्हणजे बहुधा नस उघडी, ठणका म्हणजे आत पू, शिवशिव म्हणजे गार-गरम लागते आहे. डाव्या हाताला बसलेल्या मुलीला हे तीन मराठी शब्द कळत असले, तर म्हातारा माणूस अर्धा बरा होतो. तेव्हा आज्यांनो, नातीला कोर्सला जाऊ द्या आणि ती अभ्यास करत असताना तोंडाची ही मराठी तिला शिकवा: हिरडी, टाळू, सुळा, दाढ, जबडा, गिळा, थुंका, जरासं दुखेल. महिनाभरात तिला येईल.

तिच्या वडिलांना माझा निरोप सांगा, की पुढच्या वेळी दात दाखवायला जातील तेव्हा नळी कोण धरते आहे तिच्याकडे जरा बघावे, तिचे नाव विचारावे आणि घरून निघताना आपल्या सगळ्या औषधांची यादी खिशात घालावी. सोमवारच्या गोळीसकट.